दीडशे पौंडांचे खरे वजन

१२ जानेवारी १९५८, कासारवाडी

डॉक्टरांनी वाकायला, बसायला, चालायला आणि शक्य झाल्यास शिंकायला मनाई केली आहे. लिहायला मनाई करायची ते विसरले, म्हणून ही वही. उताणे पडून लिहिताना टाकातली शाई नाकावर गळते, तेव्हा पेन्सिल घेतली.

रीतसर नोंद असावी म्हणून लिहितो. मी सयाजी घाडगे, वय तेहतीस, मूळचा कराडचा, सध्या पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात स्टोअरकीपर. तीन वर्षांपूर्वी साताऱ्याला मी दोनशे चाळीस पौंड जमिनीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर नेले होते. फोटो भिंतीवर आहे. गेल्या महिन्यात इथल्या तालमीत अडीचशेला हात घातला आणि कमरेत वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. गज पडला, त्याच्या शेजारी मी पडलो. कोंडाजी वस्ताद म्हणाले, "पैलवान, गज ऱ्हाऊ द्या, तुमी उठा." मला उठता येईना. डावा पाय दुसऱ्या कुणाचा तरी असावा असा वाटत होता.

मणक्यांमधली गादी सरकली आहे, असे पुण्याच्या डॉक्टरांचे म्हणणे. काखेपासून कमरेखालपर्यंत प्लास्टरचे जाकीट आणि झोपायला फळी. मी विचारले, "डॉक्टर, चौथ्या महिन्यात किती पौंडांपासून सुरुवात करू?" ते उठले. माझ्या बायकोला, शालनला, बाहेर बोलावून तिच्याशीच बराच वेळ बोलले. औषधे केव्हा द्यायची ते सांगत असतील.

२३ जानेवारी

प्लास्टरच्या आत पाठीच्या मधोमध खाज सुटते. घरमालकीण गवराबाईंनी बांबूची कामटी तासून दिली, ती आत गेली आणि तिथेच मोडली. आता खाजही आहे आणि कामटीही आहे.

एक गोष्ट लिहावी की नाही ठरत नव्हते. पण वही माझीच आहे. शालन हल्ली रोज सकाळी मी जागा झालो की माझ्या पायांच्या तळव्यांना गुदगुल्या करते. आधी उजव्या, मग डाव्या, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहते. लग्नाला आठ वर्षे झाली, असा खेळकरपणा पूर्वी नव्हता. मी हसलो की तीही हसते आणि चहा टाकायला जाते. आजारपणाने माणसे जवळ येतात म्हणतात ते खरे असावे.

९ मार्च

प्लास्टर काढले. आतून कामटीचा तुकडा आणि एक गुंडी निघाली. गुंडी कुणाची, कळत नाही.

आरशात पाहिले. छाती होती तिथे आता छातीची जागा फक्त आहे. डॉक्टरांनी चामड्याचा पट्टा दिला आणि म्हणाले, "घाडगे, चाला. फक्त चाला." कासारवाडी स्टेशनापर्यंत जाऊन आलो. एक म्हातारी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन माझ्या पुढे निघून गेली. मी वेग वाढवला नाही. डॉक्टरांची आज्ञा मोडायची नव्हती.

२ मे

आज तालमीत गेलो! साडेचार महिन्यांनी. कोंडाजी वस्ताद भोसरीचे, शेती सांभाळून संध्याकाळी इथे पोरांना शिकवतात. मला पाहून त्यांना आनंद झाला असेल. चेहऱ्यावर तसे दिसले नाही.

जुना गज आणि जुन्या लोखंडी चकत्या जागेवर नव्हत्या.

"इकल्या," वस्ताद म्हणाले. "तडे गेलते. नव्या ओतून आणल्यात पुन्यास्नं."

नव्या चकत्या पाहिल्या. जुन्यांएवढ्याच रुंद, पण निम्म्याहून पातळ. पांढऱ्या रंगाने वर आकडे काढलेले: २५, १०. गज म्हणजे आत पोकळ नळी. मी म्हणालो, "वस्ताद, फार बारीक वाटतात."

"इलायती पोलाद हाय. दिसतं बारीक, पर वजनाला लई."

नुसता गज उचलायचा, तोही भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, कणा सरळ ठेवून. गज तीस पौंड. सहज गेला! पाच महिन्यांच्या आजारानंतर तीस पौंड पिसासारखे जावेत, याला काय म्हणावे? हाडात मुरलेली ताकद, दुसरे काय.

१९ जून

गज आणि दोन दहाच्या चकत्या: पन्नास पौंड. पाठ मुकाट.

परत आलो तर वस्ताद आमच्याच ओट्यावर बसून लाडू खात होते आणि शालन त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगत होती. मला पाहून दोघेही पावसावर बोलू लागले. वस्तादांना लाडवांची एवढी आवड असेल असे वाटले नव्हते. हल्ली दर आठवड्याला येतात. मोठा माणूस आहे, खाऊ दे.

३ ऑगस्ट

शंभर पौंड!! (दुसरे उद्गारचिन्ह मुद्दाम दिले आहे.)

कारखान्यात सांगितले. हिशेबखात्याचे उद्धवराव म्हणाले, "कमाल हाय बगा घाडगे तुमची." उद्धवराव लातूरकडचे. पोटाचे दुखणे जुने, दोन वेळा ताकभात खातात, अंगावर सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. व्यायामाने पचन सुधारेल म्हणून मी त्यांना तालमीत यायचा आग्रह केला. दुबळ्या माणसाला हात द्यावा.

शालनला शंभराचे सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, "पायाला मुंग्या आल्या का?" कौतुक करायची प्रत्येकाची रीत वेगळी असते.

१४ सप्टेंबर

दीडशे पौंड. क्लीन अँड जर्क, म्हणजे जमिनीवरून खांद्यावर आणि तिथून डोक्यावर. गज तीस, पंचविसाच्या चार, दहाच्या दोन. डोक्यावर धरून मनात पाच आकडे मोजले. डोळ्यांत पाणी आले ते घामाचे होते असे तालमीत सांगितले. इथे खोटे कशाला लिहू?

यानंतर जे झाले ते मात्र समजत नाही. मी तोंड धुवायला गेलो होतो. परत येतो तो उद्धवरावांनी तोच गज खांद्यापर्यंत नेलेला! तिथून डोक्यावरही नेला. मग खाली ठेवून म्हणाले, "हे एवढंच का?"

मी त्यांची पाठ थोपटली. रात्रभर मात्र विचार करत होतो. दीड महिन्यात? ताकभातावर?

२ ऑक्टोबर

कालपासून नव्या वजनांचा कायदा लागू झाला. आम्हा स्टोअरच्या लोकांना पाठ करायला लावले: एक किलो म्हणजे दोन पौंड आणि वर पाव पौंडाला थोडे कमी. माझे उत्तम पाठ आहे.

संध्याकाळी वस्तादांना स्पष्ट विचारले, "उद्धवरावांनी दीडशे कसे उचलले?"

वस्ताद गडबडले. फेट्याचे टोक चाळवले, आढ्याकडे पाहिले. मग एकदम म्हणाले, "पैलवान, त्यो आकडा पौंडाचा न्हाई. नव्या वजनाचा हाय. किलू का काय म्हंत्यात त्यो. नवा पैसा कसा जुन्या पैशापरीस ल्हान आला? तसं नवं वजन बी ल्हान. म्हनून त्येस्नी उचाललं. आता इचारू नगा."

मी तिथेच हिशेब केला. वस्तादांना नवी मापे कळत नाहीत. पैसा लहान झाला, पण किलो पौंडापेक्षा मोठा! दीडशे किलो म्हणजे तीनशे तीस पौंड!

घरी येऊन तीनदा गुणाकार केला. तीनशे तीसच येतात. साताऱ्याच्या विक्रमापेक्षा नव्वद जास्त. मोडलेल्या पाठीने. जेवण गेले नाही.

३ ऑक्टोबर

कारखान्यात सर्वांना सांगितले. मोठ्या साहेबांनी हात मिळवला. सव्वीस जानेवारीला कारखान्याच्या मैदानावर वजन उचलण्याची स्पर्धा आहे, तिच्या यादीत पहिले नाव माझे घातले.

४ ऑक्टोबर

पहाटे जाग आली आणि एक विचार आला. मी तीनशे तीस उचलले असतील तर उद्धवरावांनीही तीनशे तीस उचलले.

माझ्याबद्दल मी बरेच काही मानायला तयार आहे. उद्धवरावांबद्दल नाही.

५ ऑक्टोबर

पंचविसाची एक चकती पिशवीत घालून स्टोअरमध्ये नेली आणि काट्यावर ठेवली. दहा पौंड.

काटा बिघडला असे वाटून काट्याविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. मग स्वतः उभा राहिलो: एकशे बावन्न, बरोबर. उद्धवरावांना उभे केले: सत्त्याण्णव, तेही बरोबर. तक्रार फाडली. संध्याकाळी गज आणि सगळ्या चकत्या हातगाडीवर घालून आणल्या. माझे दीडशे पौंड साठ भरले.

साठ. गवराबाई पाण्याची पिंपे याहून जड उचलतात.

तालमीत गेलो. वस्ताद दारातच बसले होते. हातगाडी पाहून त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"कुणी सांगितलं असं करायला?" मी ओरडलो.

"घरी जाऊन इचारा," ते म्हणाले. "म्या नुसता रंग दिला."

शालन भाकऱ्या थापत होती. तिने हात पुसले, डब्यातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. एका वर्षात साठ पौंडांवर एक पौंडही नाही, असे खाली रेघ मारून लिहिले होते.

"हे मला का नाही दाखवलं?"

"दाखवलं असतं तर तुम्ही साठावर थांबला असता?"

मागे आणखी काही लिहिले आहे का पाहायला मी चिठ्ठी उलटी केली.

"पुन्हा गादी सरकली तर पाय जातील म्हणाले. दोन्ही. म्हणाले, यांना सांगू नका, हे ऐकणारे दिसत नाहीत, तुम्हीच बघा. मी काय बघणार होते? वस्तादांच्या पाया पडले. ते म्हणाले, वैनी, येक रंगाचा डबा आणा."

"सगळ्या कारखान्यात माझं हसं झालं, शालन! साहेबांनी हात मिळवला माझ्याशी!"

"मिळवू देत," ती म्हणाली, आणि तवा करपू लागला म्हणून तिकडे वळली. तिच्या खांद्यांवरून कळले की ती रडते आहे. मी ओट्यावर जाऊन बसलो.

६ ऑक्टोबर

बोलत नाही. तीही बोलत नाही.

७ ऑक्टोबर

बोलत नाही. तरीही सकाळी तिने तळव्यांना गुदगुल्या केल्या. एवढे भांडण चाललेले असताना हा खेळ सुचतो कसा, बायकांचे मन कळत नाही. मी न हसण्याचा प्रयत्न केला. तिचा चेहरा इतका पांढरा पडला की शेवटी हसावेच लागले.

१८ ऑक्टोबर

तालमीत गेलो नाही. कारखान्यात खरे सांगितले. वाटले होते त्यापेक्षा वाईट झाले. कुणीतरी माझ्या टेबलावर अर्ध्या शेराचे जुने माप ठेवून गेले, त्यावर खडूने '३३०' लिहिलेले. फक्त उद्धवराव माझ्यापेक्षा जास्त खट्टू झाले. साठच पौंड होते, हे त्यांनाही आजच कळले. "मी गावी पत्र धाडलं होतं बगा," म्हणाले.

परवा स्पर्धेतून नाव काढायला गेलो होतो. कारकून म्हणाला, "काढतो की. कारण काय लिहू?" मी म्हणालो, उद्या येऊन सांगतो. गेलो नाही.

३० ऑक्टोबर

वस्ताद घरी आले. लाडू दिले तर खाल्ले नाहीत. म्हणाले, "पैलवान, रंग खोटा व्हता. उचाललेलं खोटं न्हवतं. सा महिने कमरंत कळ आली का?"

"नाही."

"पूर्वी वजन वर ओढताना तुमची पाठ वाकायची, म्या बोंबललो तरी ऐकत न्हवता. आता येक डाव तरी वाकली का?"

खरे तर नाही वाकली. हलके असल्यामुळे मी प्रत्येक वेळी अगदी नीट उचलले होते, कौतुक करून घेत घेत.

"मंग उद्या या," ते म्हणाले, आणि जाताना लाडू रुमालात बांधून नेले.

१० नोव्हेंबर

शालन आणि मी पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाकवले, पाय उचलून पाहिले, तळव्यांवर किल्ली फिरवली. मी म्हणालो, हे घरी रोज होते. डॉक्टर शालनकडे पाहून हसले. का, ते समजले नाही.

ठरले ते असे: दर पंधरवड्याला पाच पौंड वाढवायचे. जानेवारीअखेर नव्वद. "नव्वद म्हणजे नव्वद," डॉक्टर म्हणाले. मी वहीत लिहून घेतले. शालननेही वेगळे लिहून घेतले.

चकत्या घासून खरे आकडे काढले. रंग शालनने दिला. तिचा दहाचा एक फार डौलदार येतो.

२२ डिसेंबर

ऐंशी. खरे. जड लागते. खोटे दीडशे याच्यापेक्षा किती सोपे होते!

सकाळी मनात आले की नव्वद उचलायला स्पर्धेला जायचे कशाला? बाकीचे पावणेदोनशे-दोनशे उचलतील. लाज वाटते. कारकुनाकडे पुन्हा निघालो. वाटेत उद्धवराव भेटले. त्यांनी साठाचे सत्तर केले आहेत, आणि ताकाऐवजी आता दूध पचते म्हणाले. मला कारकुनाकडे जायला उशीर झाला.

२६ जानेवारी १९५९

झेंडावंदन झाले, साहेबांचे भाषण झाले, मग स्पर्धा. मैदानात बायका एका बाजूला. शालन आली होती. ती माझे वजन उचलणे कधी पाहायला येत नाही. आज गवराबाईंना घेऊन पहिल्या रांगेत.

सर्वांत कमी वजनाने सुरुवात होते, म्हणून पहिला मीच. निवेदकाने भोंग्यावर सांगितले, "सयाजी घाडगे, नव्वद पौंड." मागून कुणीतरी ओरडले, "किलो का हो?" सगळे मैदान हसले.

गुडघे वाकवले, कणा सरळ. गज खांद्यावर आला, श्वास, मग डोक्यावर. पंचांनी हात खाली केला. झाले. टाळ्या दोन-तीनच. त्यातली एक उद्धवरावांची, ती बराच वेळ चालू होती.

"दुसरी खेप?" पंचांनी विचारले. मागून पुन्हा आवाज, "दीडशे लावा, दीडशे! यांच्या सवयीचं आहे!"

माझे डोके फिरले. खरेच सांगतो, त्या क्षणी मला ना डॉक्टर आठवले ना चिठ्ठी. मी म्हणालो, "लावा दीडशे."

चकत्या चढवायला वस्तादच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चढवल्या. खऱ्या. पंचविसाच्या चार, दहाच्या दोन आणि कारखान्याचा भरीव गज. बायकांच्या बाजूला मी पाहिले नाही.

हाताला खडूची पूड लावली. वाकलो. गज धरला आणि जरासा ताण दिला, नुसता अंदाज घ्यायला. तो जमिनीला रुजल्यासारखा होता. दोनशे चाळीस उचललेल्या माणसाला दीडशेचा हा ताण ओळखीचा होता. हेही कळले की मी ओढले तर तो येईल. पाठ वाकवून, पूर्वीसारखा ओरबाडून, पण येईल. पुढचे सांगता आले नसते.

मी किती वेळ तसाच वाकून होतो, माहीत नाही. मग हात सोडले आणि सरळ उभा राहिलो. निवेदक जवळ आला, "काय झालं घाडगे?" त्याच्या हातात भोंग्याचा मायक्रोफोन होता, तो माझ्या ध्यानात आला नाही.

"जमणार नाही," मी म्हणालो.

माझे 'जमणार नाही' चारही भोंग्यांतून मैदानभर झाले, पलीकडच्या रस्त्यावर गेले आणि बहुधा पिंपरी स्टेशनापर्यंत पोचले. इतकी शांतता झाली की झेंड्याची दोरी खांबावर वाजलेली ऐकू आली. मग मोठे साहेब हसले आणि सगळेच हसले. मी खाली उतरलो. सात जणांत सातवा.

घरी चालत निघालो. गवराबाई पुढे गेल्या होत्या. फाटकाशी आलो तर फाटक बंद, मालगाडी यायची होती. शालन माझ्या शेजारी उभी राहिली. गाडी गेली, फाटक उघडले, तरी ती हलेना.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"काय?"

"भोंग्यातनं."

आणि तिला हसू फुटले. असे हसू मी वर्षभरात पाहिले नव्हते. तोंडाला पदर लावला तरी आवरेना, शेवटी ती रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसली आणि डोळे पुसू लागली. बैलगाडीवाला थांबून पाहत राहिला. मी त्याला म्हणालो, काही नाही, जा तुम्ही.

बऱ्याच वेळाने तिने माझ्यापुढे दोन्ही हात केले. "उठवा आता."

मी गुडघे वाकवले, कणा सरळ ठेवला, श्वास घेतला आणि तिला उभी केली. पाठीत कळ नाही, पायाला मुंग्या नाहीत.

शालनचे वजन किती, मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. पण नव्वदाच्या वर नक्कीच आहे. डॉक्टरांना यातले काही सांगायचे नाही, असे आमचे दोघांचे ठरले.